उगमाकडच्या गावांचे पाणी

वाशिम तालुक्यात काटा नावाचे एक गाव आहे. या गावच्या शिवारात पडलेल्या पावसाला दोन वाटा फुटतात. उत्तरेच्या उतारावर पडलेले पाणी काटेपूर्णेत जाते, घाट उतरून अकोल्याच्या सपाटीवर येते, पूर्णेला मिळते आणि तापीतून सुरतेजवळ अरबी समुद्राला पोचते. याच गावाच्या आसपास उगम पावणारी पूस नदी मात्र आग्नेयेकडे पुसदच्या दऱ्यांत शिरते. तिचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे फिरत फिरत बंगालच्या उपसागरात पडते. एका गावच्या पावसाची दोन टोके देशाच्या दोन किनाऱ्यांना लागावीत, असा हा भूगोल आहे.

हा चमत्कार काट्यापुरता नाही, अख्ख्या जिल्ह्याची ठेवण अशीच आहे. जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग मानत : पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट, काळाभोर, श्रीमंत पायनघाट आणि त्याच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पसरलेला बालाघाट. वाशिम हे बालाघाटातले मुख्य शहर. ते समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके वेगळे काढून हा जिल्हा झाला, तेव्हा कागदावर एक नवी हद्द आखली गेली. पण पाण्याच्या हिशेबाने हा मुलूख पहिल्यापासूनच वेगळा होता. काटेपूर्णा, पूस, अडाण, अरुणावती, बेंबळा या नद्या इथे जन्मतात आणि अंगात जरा बळ आले की निघून जातात. बाहेरून येणारी मोठी नदी एकच, पैनगंगा. तीही बुलढाण्याकडून येते आणि रिसोड-वाशिमच्या दक्षिण कडेने, खोल पात्रातून, जिल्ह्याच्या अंगणाला वळसा घालून जाते.

म्हणजे दुसऱ्याच्या डोंगरावर पडलेला पाऊस आपल्या दारात येईल, ही सोय या पठाराला नाही. सरासरी आठशे मिलिमीटरांच्या वरखाली पडणारा, चार महिन्यांत उरकणारा स्वतःचा पाऊस, तेवढीच कमाई. ती साठवायची कुठे, हा इथला खरा जुना प्रश्न.

निसर्गाने दिलेली भांडी दोन. पहिले भांडे खडकाचे, आणि ते कंजूष आहे. दख्खनचा काळा पाषाण हा लाव्ह्याच्या थरांवर थर चढून बनला. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते मुरते वरच्या मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात. त्यामुळे एका विहिरीला बारमाही झरा आणि पन्नास पावलांवरच्या दुसरीला कोरडा दगड, असा प्रकार पठारावर गावोगाव दिसतो. जिथे असा पाणी धरणारा पट्टा उताराच्या कडेला उघडा पडतो, तिथे झरा फुटतो. पठारावरच्या जुन्या वस्त्या आणि देवस्थाने अशा झऱ्यांच्या आसऱ्याने वसलेली दिसतात.

दुसरे भांडे काळ्या मातीचे. भारी काळी जमीन पाऊस पिऊन फुगते आणि महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. पावसाळ्यानंतर तिच्यात गहू, हरभरा, ज्वारी नुसत्या ओलीवर येतात. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची सगळी कारागिरी ही ओल राखण्यात खर्ची पडली. वखराच्या पाळ्या घालून वरची माती भुसभुशीत ठेवायची म्हणजे खालची ओल उडत नाही. डवरणीने भेगा बुजवायच्या. धुऱ्यावर गवत राखायचे म्हणजे माती वाहून जात नाही. जलसंधारणाच्या पुस्तकांत तलाव आणि बंधारे येतात, वखर येत नाही. वास्तविक बालाघाटावरचा सर्वांत मोठा जलसाठा शतकानुशतके जमिनीच्या वरच्या हात-दोन हातांत होता आणि त्याचा दरवाजा उघडण्या-मिटण्याचे काम वखराच्या पासेकडे होते.

पण मातीतली ओल पिकाला पुरते. माणसाला आणि जनावराला प्यायला पाणी दिसावे लागते. इथे तलावांचा इतिहास सुरू होतो, आणि वाशिमच्या बाबतीत तो थेट पाचव्या शतकात सुरू होतो.

वाशिमजवळच्या हिस्से बोराळा या गावी वाकाटकांच्या काळातला एक शिलालेख सापडला. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम. चौथ्या शतकात सर्वसेनाने ही शाखा स्थापली. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली खुद्द वाशिममध्ये मिळाला आणि वत्सगुल्म म्हणजे वाशिमच, हे पक्के झाले. हिस्से बोराळ्याचा लेख याच घराण्यातल्या देवसेन राजाच्या काळातला. त्यात शक वर्ष ३८० दिले आहे, म्हणजे इसवी सन ४५७-५८. सप्तर्षी त्या वेळी कोणत्या नक्षत्रात मानले जात, तेही लेखात नोंदवले आहे. इतक्या काळजीने काळाची खूण कशासाठी केली? एका तलावासाठी. देवसेनाचा आज्ञाधारक अधिकारी स्वामिल्लदेव याने तलाव बांधला आणि त्याचे नाव ठेवले सुदर्शन.

हे नाव सहज सुचलेले नाही. सुदर्शन हे त्या काळच्या हिंदुस्थानातल्या सर्वांत नामांकित धरणाचे नाव होते. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी चंद्रगुप्त मौर्याच्या पुष्यगुप्त या अधिकाऱ्याने ते बांधले. अशोकाच्या काळात तुषास्फाने त्याला पाट काढले. इसवी सन १५० मध्ये वादळी पावसाने ते फुटले. क्षत्रप रुद्रदाम्याने ते पुन्हा बांधवले आणि ती हकिगत गिरनारच्या खडकावर संस्कृतात कोरून ठेवली. पुढे स्कंदगुप्ताच्या काळात, ४५५ च्या सुमारास, ते पुन्हा फुटले. सौराष्ट्राचा गोप्ता, म्हणजे प्रांताधिकारी, पर्णदत्त आणि त्याचा मुलगा चक्रपालित यांनी लगोलग दुरुस्ती केली, आणि त्याच खडकावर आणखी एक लेख चढला.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. सौराष्ट्रात सुदर्शन फुटून दुरुस्त होते ४५५-५६ मध्ये. वत्सगुल्माजवळ नवे सुदर्शन उभे राहते ४५७-५८ मध्ये. स्वामिल्लदेवाच्या कानावर गिरनारची बातमी आली होती, असे सिद्ध करता येणार नाही. पण व्यापारी, भिक्षू आणि लेखनिक ज्या वाटांनी फिरत, त्या वाटांवर वत्सगुल्म होते. पठारावरच्या एका अधिकाऱ्याने आपल्या तलावाला देशातले सर्वांत गाजलेले नाव द्यावे, यात हौस आहे आणि थोडी ईर्षाही आहे. गिरनारच्या तलावामागे सम्राट होते. बोराळ्याच्या लेखात श्रेय घेऊन उभा आहे तो एक अधिकारी.

देवसेनाचा मुलगा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या लेण्यातल्या लेखात विहाराचे वर्णन करताना पाण्याच्या टाक्याचा आणि नागराजाच्या देवळाचाही उल्लेख येतो, हे तितके ठाऊक नसते. लेण्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर नागराजाची मूर्ती आजही बसलेली आहे. नाग हा पाण्याचा राखणदार, ही समजूत बौद्ध विहारालाही मान्य होती. डोंगर कोरणाऱ्यांना भिंतीवरची चित्रे सुचण्याआधी पाण्याची तजवीज सुचावी लागते. वत्सगुल्मच्या राज्यकर्त्यांना ती बरी जमत होती.

वत्सगुल्मची कीर्ती पुढे साहित्यात टिकली. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लागते ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. पण गावकऱ्यांच्या आठवणीत हे शहर राहिले ते तीर्थांचे म्हणून. वाशिम क्षेत्रात एकशे आठ तीर्थे होती, अशी परंपरा सांगते. एकशे आठ हा आकडा अर्थातच जपमाळेचा आहे. कोणी मोजून काढलेला नव्हे. तरी एका उंच पठारावरच्या शहराला आपली ओळख पाण्याच्या जागांनी सांगावीशी वाटली, ही गोष्ट आकड्यापेक्षा महत्त्वाची.

त्यांतले मुख्य पद्मतीर्थ. ते विष्णूने निर्माण केले, अशी कथा आहे. वासुकी नावाच्या राजाला कुष्ठ झाले होते. तो इथे न्हाला, बरा झाला आणि त्याने तीर्थ वाढवून बांधले. राजाचे नाव सर्पाचे आहे, हे अजिंठ्याच्या नागराजाशेजारी ठेवून वाचावे. तिकडे कारंज्याला करंज ऋषीची कथा सांगतात. ऋषीला दुर्धर व्याधी जडली, त्याने अंबेची आराधना केली, देवीने त्याच्यासाठी तलाव निर्माण केला आणि त्यात स्नान करून तो शुद्ध झाला. तलाव कारंज्यात आजही दाखवतात. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून गावोगावचे दत्तभक्त कारंज्याला येतात, त्यांतल्या फार थोड्यांची पावले या तलावाकडे वळतात. तिसरी कथा मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरची. अचलपूरचा ईल राजा त्वचारोगाने पीडलेला. शिरपूरजवळच्या लहानशा डबक्यात त्याने हातपाय धुतले आणि तेवढा भाग निर्मळ झाला. शोध घेता पाण्यातून पार्श्वनाथांची मूर्ती मिळाली. तीच जैनांची अंतरिक्ष पार्श्वनाथ.

एक कथा वैष्णव, एक देवीची, एक जैन. गावे तीन, पंथ तीन आणि गोष्ट एकच : रोगी येतो, न्हातो, बरा होतो, आणि मग पाण्याची जागा राखली जाते. अशा कथा भारतभर आहेत, हे खरे. पण एका छोट्या जिल्ह्याच्या तीन मोठ्या क्षेत्रांनी तीच कथा सांगावी, याला योगायोग म्हणून सोडून देणे जिवावर येते. कथेतला राजा बाजूला ठेवा. उरते ते हे, की पठारावर आटत नाही असे पाणी दिसले, तर त्याला कोणाच्या तरी नावाने बांधून टाकायचे, म्हणजे त्यात गुरे बसणार नाहीत आणि कोणी कचरा टाकणार नाही. नियम सांगून जे झाले नसते ते देवाच्या धाकाने होत होते. अर्थात या धाकाची दुसरी बाजू होती, तिच्याकडे पुढे वळूच.

मध्ययुगात वाशिमचे महत्त्व टिकून होते. ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून वाशिमची नोंद आहे. याच काळात औरंगाबादेत आणि बुऱ्हाणपुरात नहरींचा प्रयोग झाला. मलिक अंबरने डोंगराच्या पोटातले पाणी खापरी नळांतून औरंगाबादेत आणले, बुऱ्हाणपूरला सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी कुंडी भंडाऱ्यातून शहरात उतरले. वाशिमला असे काही का झाले नाही? उत्तर पुन्हा भूगोलात आहे. नहरीला शहराच्या पाठीशी उंच डोंगर लागतो, म्हणजे पाणी आपल्या वजनाने उतरत येते. वाशिम स्वतःच माथ्यावर बसलेले. वरून आणायला वर काही नाही. त्याला जागच्या जागी तळी बांधणे आणि विहिरी खोदणे भाग होते.

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलात वाशिमला पुन्हा एकदा मोठे बांधकाम झाले. भोसल्यांचा दिवाण भवानी काळू याने बालाजीचे मंदिर बांधले. साल १७७९ दिले जाते. मंदिरासोबत त्याने देवतलाव बांधवला. चौकोनी, दगडी, रेखीव. स्वामिल्लदेव आणि भवानी काळू यांच्यामध्ये तेरा शतके आहेत, पण दोघांचा पेशा एक : राजा नव्हे, राजाचा कारभारी. वाशिमच्या पाण्याच्या इतिहासात कारभाऱ्यांचीच नावे जास्त ठळक आहेत. राजाला लढाईने नाव मिळते; कारभाऱ्याला मागे काही ठेवून जायचे तर देऊळ आणि तळे, हेच दोन मार्ग. देवळाला जमिनी आणि उत्पन्ने लावून दिलेली असत आणि तळ्याचा सांभाळ देवळाच्या खर्चात बसत असे. गाळ काढायला वेगळी योजना लागत नव्हती.

इथे पूर्व विदर्भाशी तुलना करण्यासारखी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे मालगुजारी तलाव धानाच्या शेतीसाठी आहेत. कोहळी समाजाने ते बांधले, पाटांनी पाणी बांध्यांमध्ये खेळवले आणि तलावावर मालगुजाराचा व गावाचा हक्क होता. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलावांचे पालकत्वच हरवले. बालाघाटावर धान नाही, त्यामुळे सिंचनाच्या तलावांची अशी साखळी नाही. इथले तळे पिण्यासाठी, न्हाण्यासाठी, गुरांसाठी आणि आजूबाजूच्या विहिरींना पाझर देण्यासाठी. शेतीला पाणी द्यायचेच तर ते विहिरीचे, आणि तेही मिरची-भाजीपाल्याच्या मळ्यापुरते.

ही विहीर म्हणजे एक मोठा कारखाना होता. जागा दाखवायला पाणाडी. त्याची फांदी कितपत खरी, हा वाद बाजूला ठेवला तरी उंबर-जांभळाची झाडे, वारुळे, उताराची ठेवण यांवरून अंदाज बांधण्याची त्याची नजर पिढीजात होती. खोदायला वडार : काही माती उपसणारे मातीवडार, काही दगड फोडणारे. खोली परसांत मोजायची. आधी काळी माती, मग मुरूम, मग फुटका मांजऱ्या दगड, आणि पाणी लागले तर तिथेच. खालचा अखंड पाषाण लागला की छिन्नी-सुतकीचे काम महिनोन्‌महिने. बांधून झाले की धाव तयार करायची. तिच्या उतारावरून बैलजोडी खाली उतरली की नाडा ताणला जातो, चामड्याची मोट वर येते आणि थारोळ्यात रिती होते. तिथून पाट मळ्यात. दिवसभर हेलपाटे घालून एक जोडी जेमतेम काही गुंठे भिजवी. म्हणून मोटेच्या जमान्यात विहीर सहसा मरत नसे. बैल दमत आणि रात्रीतून झऱ्याने पाणी पुन्हा भरून येई. उपशाची मर्यादा बैलांच्या खांद्यावर बांधलेली होती.

पाणी दुर्मिळ तिथे पाण्याची शिवाशिव कडक. देवाच्या धाकाने तीर्थ स्वच्छ राहिले, त्याच धाकाने ते कित्येकांना बंदही राहिले. गावची विहीर वेगळी, महारवाड्याचा पाणवठा वेगळा, आणि बहुधा नाल्याच्या खालच्या अंगाला. १९२७ सालच्या महाडच्या सत्याग्रहाची ठिणगी वऱ्हाडात एवढ्या लवकर का पेटली, हे समजून घ्यायचे तर उन्हाळ्यातल्या या पाणवठ्यांकडे पाहावे लागते. जुन्या जलव्यवस्थेचे गोडवे गाताना हे पान उलटून पुढे जाणारे लेखन अर्धेच सांगते.

बंजाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी ही त्यांची काशी. सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर हिंडणाऱ्या तांड्यांना पाणवठे तोंडपाठ असावे लागत, कारण शेकडो बैलांचा तळ पाण्याशिवाय पडू शकत नाही. रस्ते आणि आगगाड्या आल्यावर हा धंदा बसला आणि तांडे स्थिरावले ते गावांच्या सोयीच्या जागा आधीच गेल्यानंतर, म्हणजे माळावर आणि डोंगरउतारावर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्यांत तांडे एवढे का असतात, याचे उत्तर या उशिरा मिळालेल्या जागेत आहे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि वऱ्हाड कापसाचा मुलूख ठरला. कापसाला सिंचन लागत नाही, काळी माती पुरते. मग सरकारला या पठारावर तलाव-कालव्यांत पैसा घालण्याची निकड वाटली नाही. रुईच्या गाठी बाहेर काढण्यासाठी रूळ टाकले गेले. पाणी अडवण्यासाठी त्या मानाने काहीच झाले नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी त्याची किंमत वसूल केली. १९०१ च्या जनगणनेत तेव्हाच्या वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली निघाली. १९०५ मध्ये तो जिल्हाच मोडला. वाशिम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळला.

पुढचा मोठा धक्का १९७२ चा. या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तिच्या मजुरीतून गावोगाव पाझर तलाव, नालाबांध उभे राहिले. कल्पना या पठाराला शोभणारी होती : पाणी दिसले नाही तरी चालेल, मुरले पाहिजे. त्याच काळात विंधनविहिरीची यंत्रे पाषाण भेदून खाली गेली. त्यांवर बसणारा हातपंपही इकडचाच म्हणायला हरकत नाही. जालना आणि सोलापूर इथे झालेल्या सुधारणांतून ‘इंडिया मार्क टू’ हा जगभर गेलेला पंप घडला. हातपंपाने बायकांच्या डोक्यावरच्या घागरीची वाट काही पावलांनी कमी केली, याचे मोल कमी लेखू नये. पण विहिरीवर विजेची मोटर बसली, तशी बैलांच्या खांद्यावरची मर्यादा सुटली. वर मुरवण्याचे काम सरकारचे आणि खाली उपसण्याचे काम प्रत्येकाचे, अशी वाटणी झाली.

मोठी धरणे बांधण्याची वेळ आली तेव्हा उगमाचा शाप पुन्हा आडवा आला. धरणाला खोल दरी लागते आणि नदीला अंग धरायला काही कोस जावे लागतात. तोवर जिल्ह्याची हद्द संपते. काटेपूर्णेचे धरण महानला, अकोला जिल्ह्यात. अकोला शहर त्यावर पाणी पिते. पूस पुसदला अडली, अरुणावती दिग्रसला, बेंबळा बाभुळगावकडे. तिन्ही यवतमाळ जिल्ह्यात. पैनगंगा इसापूरला, यवतमाळ-हिंगोलीच्या सीमेवर. अडाण तेवढी कारंजा तालुक्यात घरची राहिली. वाशिम शहराची तहान एकबुर्जीच्या प्रकल्पावर चालते. पैनगंगेवर बराजांची मालिका झाली तेव्हा कुठे काठच्या शिवारांना त्या खोल पात्रातले पाणी उपसता येऊ लागले. वाशिमकर याला अन्याय म्हणतात. काही प्रमाणात तो आहेही, पण त्याचा मोठा भाग उताराने केलेला आहे आणि उतारावर मोर्चा नेता येत नाही.

शेतीही दरम्यान बदलली. १९९० नंतर सोयाबीनने कापूस-ज्वारीला मागे सारले. तीन-साडेतीन महिन्यांत हाती येणारे, उथळ मुळाचे हे पीक पावसात पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की माना टाकते. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसे बैल गेले, आणि बैलांसोबत वखराच्या पाळ्याही विरळ झाल्या. मातीच्या भांड्याला तडा गेला तो असा, कोणाच्या लक्षात न येता.

गेल्या दहा-बारा वर्षांत पाण्याच्या कामांना पुन्हा जोर आला. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार आले, २०१७ मध्ये गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार. शेजारच्या बुलढाण्यात महामार्गाला लागणारी माती-मुरूम तलाव-नाले खोल करून घ्यायचा प्रयोग झाला आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजला. ही कामे वाईट नाहीत. काढलेला गाळ हलक्या रानात पडला तर दोन्हीकडे फायदा होतो. पण यंत्राने खड्डा खोल करणे सोपे असते आणि खड्ड्यात पाणी कोठून येणार हे पाहणे अवघड. म्हणून पहिले होते आणि दुसरे राहते. पाषाण लागेपर्यंत नाला खरवडला तर वरचा पाणी धरणारा मुरूमच निघून जातो, मग त्यात साचलेले पाणी दिवाळीपर्यंत शोभेला राहते आणि विहिरींना काही मिळत नाही. तीर्थांच्या तळ्यांचे तर सुशोभीकरण झाले की काम संपले असे मानतात : चारी बाजूंनी काँक्रीट, कठडा, रंगीत दिवे. जुन्या बांधणीत दगड कोरडे रचत, कारण सांध्यांतून झरे आत येत. काँक्रीटने गळती थांबते तसे झरेही थांबतात. उरली आवक पावसाच्या ओघळांची. ते ओघळ नव्या वसाहतींच्या गटारांना जोडले गेले की तळ्यात काय येते, हे वेगळे सांगायला नको.

केंद्राने २०२३ मध्ये देशातल्या जलाशयांची पहिली गणना प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात ९७,०६२ जलाशय निघाले. तळी मोजून झाली असतील, तर आता त्यांच्यात पाणी आणणारे नाले मोजायला हवेत. गावनकाशे भूमी अभिलेख कार्यालयात आहेत आणि त्यांवर नाले व ओघळ आखलेले आहेत. वाशिम आणि कारंजा इथल्या नगरपरिषदांनी पद्मतीर्थ, देवतलाव आणि कारंज्याचा ऋषी तलाव यांच्या आवकनाल्यांची हद्द मोजून ती जागेवर दगडांनी कायम करावी, आणि त्यानंतरच कठड्यांची निविदा काढावी. ग्रामसभांनाही हे करता येते : आपल्या पाझर तलावाच्या वरच्या अंगाचा नकाशा तलाठ्याकडून मागवायचा आणि उन्हाळ्यात, नाले कोरडे असताना, तो हातात धरून एकदा चालून यायचे.